अर्धं दार

रेवा, गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तो हसण्यावारी नेला होता. तुझ्या खोलीचं दार सताड उघडं होतं, तू पलंगावर पालथी पडून वाचत होतीस, आणि मी चिरलेल्या आंब्याची बशी घेऊन बाहेर उभी राहून म्हणाले, "येऊ का?" तू म्हणालीस, "आजी, दार उघडंच आहे की. रोज काय विचारतेस?" पलीकडून अर्जुन ओरडला, की आजी न्हाणीघरात शिरतानासुद्धा आधी नळाची परवानगी घेते. तुमच्या घरांना उंबरे नसतात, तरी माझं पाऊल जिथे उंबरा असायला हवा तिथे आपोआप थबकतं. त्याचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात एक बैल आहे, म्हणून ते फोनवर न सांगता लिहून पाठवते. तुमच्या बाबाने हे मोठ्याने वाचून दाखवावं. नागपुरी बोलणं येईल तिथे नीट हेल काढून वाचावं, नाहीतर मजा जाईल.

आमचं घर सक्करदऱ्यात होतं. तळ्याकडून वारा सुटला की ओसरीवर शेवाळाचा ओला वास यायचा आणि आई म्हणायची, "आलं बाई तळं घरात." माझे बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. घर त्यांनी स्वतः कागदावर आखून बांधून घेतलं होतं. पुढच्या तीन खोल्या आमच्या, आणि मागच्या दोन खोल्यांना ते अखेरपर्यंत 'माझी लायब्ररी' म्हणत. त्या लायब्ररीत एकही पुस्तक कधी गेलं नाही. घर पुरं होईपर्यंत बाबांचा हात आखडला होता, तेव्हा कपाटांच्या आधी तिथे भाडेकरू आले. घर मुळात एकाच कुटुंबासाठी आखलेलं असल्यामुळे आमचं स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये एक दार होतं. त्याला आम्ही मधलं दार म्हणायचो. मागची खोली हे भाडेकरूचं स्वयंपाकघर झालं, दाराच्या त्यांच्या बाजूला बाबांनी एक भक्कम कडी बसवून दिली, आणि आता दोन्ही घरं कायद्याने वेगळी झाली असं त्यांना वाटलं. पण बाबांनी कडी लोहाराकडून आणली होती आणि दार आईच्या ओळखीचं होतं. दाराची मूठ धरून ते थोडं वर उचललं आणि कमरेने हलकेच ढकललं, की पलीकडची कडी आपोआप खाली पडते, हे आईने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं.

माझी आई वाईट नव्हती हे आधीच सांगते, कारण पुढे ती तुम्हाला हसू आणणार आहे. ती रिकाम्या हाताने कधीच जायची नाही. हातात वाटी असायची, वाटीत सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर बरं का, डोशाबरोबरचं नव्हे), किंवा गोळाभातातले दोन गोळे, किंवा नुसती गरम कढी. वाटी घेऊन आलेल्या बाईला बाहेर जा म्हणण्याची सोय आपल्याकडे नाही. एकदा आत शिरली की मग ती झाकणं उघडायची, पळी चाटायची, "मीठ कमी आहे न वं," म्हणून मीठ टाकायची, डब्यांची रांग आपल्या मनासारखी लावायची आणि बाळ असेल तर त्याला काखोटीला मारून आंघोळ घालायला आमच्याकडे घेऊन यायची. बाबा म्हणायचे, "अगं, लोकांना प्रायव्हसी असते." आई म्हणायची, "घर आपलं, वाटी आपली, भाजी आपली. मग विचारायचं कोणाला?" आमच्याकडे एक एकटे राहणारे हिशेबनीस होते. त्यांच्या शर्टांची तुटलेली बटणं आई ते कचेरीत गेल्यावर लावून ठेवायची. एके दिवशी त्यांच्या सगळ्या शर्टांना सगळी बटणं आहेत असं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते घाबरून खोली सोडून गेले. त्यांच्यानंतरचे लोकही फार टिकले नाहीत. प्रत्येक जण जाताना आईच्या पाया पडायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि टांग्यात बसल्याबरोबर सुटकेचा श्वास सोडायचा. मी फाटकावर उभी राहून तो श्वास ऐकत असे.

मग कुहीहून गभणे आले. मनोहर गभणे एका सरकारी कचेरीत नव्याने लागले होते आणि लग्नही नवंच होतं. त्यांची बायको शेवंता माझ्याहून चारदोन वर्षांनीच मोठी असेल. मी तिला वहिनी म्हणू लागले आणि एका आठवड्यात मला दुसऱ्या कोणाशी बोलायची गरज उरली नाही. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, एकुलती एक, बाबांनी शिस्तीत वाढवलेली. जेवताना बोलायचं नाही, रस्त्यात हसायचं नाही. आणि ही वहिनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की समोरच्या वकिलांचा कुत्रा उठून उभा राहायचा. धानाच्या शेतात पाखरं हाकलता हाकलता ती शिकली होती. "चिमण्यांले हाक मारून काही होत नाही. शिट्टी ऐकली का पयतेत," असं म्हणून तिने मला न्हाणीघरामागे उभं करून शिट्टी शिकवली. पहिले काही दिवस नुसती थुंकीच उडाली. ज्या दिवशी शिट्टी वाजली त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसलो की आई वाटी घेऊन धावत आली. विमानतळावर मी तुम्हाला ज्या शिट्टीने थांबवलं आणि तुमची आई लाजून लाल झाली, ती हीच.

वहिनीला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने मला अगदी सुरुवातीला सांगितली होती. कुहीला तिच्या सासरी मोठं खटलं. तिथे चुलीवर सासूचा हात, डब्यांवर मोठ्या जावेचा, आणि हिच्या वाट्याला भांडी. "मले फक्त एक चूल पाहिजे होती, जिच्यात मी मनानं मीठ टाकीन. खारट झालं तं खारट. माझंच राहीन न ते." नवऱ्याला नागपूरला नोकरी लागली तेव्हा ती चूल मिळाली, असं तिला वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी मधल्या दाराची कडी पडली आणि आई आत आली.

वहिनी बाकीच्या भाडेकरूंसारखी रडणारी नव्हती. तिने कुहीहून बैलाच्या गळ्यातली एक घुंगुरमाळ आणवली आणि मधल्या दाराला आतून बांधली, म्हणजे दार हललं की वाजेल आणि निदान पदर तरी सावरता येईल. आईला वाटलं, आपल्या स्वागतासाठी लावली. ती जाताना एकदा आणि येताना एकदा मुद्दाम खळखळवू लागली. मग वहिनीने दारासमोर तांदळाचं पोतं ठेवलं. आईने पोतं सरकवलं आणि जाता जाता तांदूळ निवडूनही दिला. एकदा तर मनोहरदादा आणि वहिनी एका ताटात जेवत होते. त्या काळी ही फार मोठी चोरी होती. घुंगरं वाजली, दोघं ताटावरून उठणार तेवढ्यात आई समोर उभी. तिने ताटाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "एकाच ताटात? ताटं कमी आहेत का वं? आमच्याकडून देऊ का?" मनोहरदादा त्यानंतर बरेच दिवस आमच्या अंगणातून मान खाली घालून सायकल काढत होते.

श्रावण संपत आला तेव्हा वहिनीने मला न्हाणीघरामागे बोलावलं. तिथे आम्ही हसायलाच जमायचो, पण त्या दिवशी ती हसत नव्हती. "ह्यायनं मानेवाड्याकडे खोली पाहिली. पोळ्यापर्यंत पाहू म्हनते. नाही जमलं तं दसऱ्याले सामान उचलतो." मी म्हटलं, मी आईला सांगते. ती म्हणाली, "काय सांगशीन? काकू वाईट असत्या तं भांडले असते. त्या तं माझ्यासाठी कढी आनते. कढीसोबत कसं भांडाचं?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मानेवाडा आज तुम्हाला गाडीतून डोळे मिटून उघडेपर्यंत ओलांडता येतो, पण तेव्हा मला ते परगाव वाटलं होतं. वहिनी गेली की मी पुन्हा रस्त्यात न हसणारी मुलगी होणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

आता तुम्हाला मारबतीबद्दल सांगायला हवं. पोळ्याला आपल्याकडे दाराशी पळसाच्या डहाळ्या खोचतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेढे काढायचे, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायचे आणि घरातली सगळी पीडा नावं घेऊन हाकलत वस्तीबाहेर नेऊन टाकायची. प्रत्येक पीडेच्या शेवटी म्हणायचं, "घेऊन जा गे मारबत!" शहरात तिकडे इतवारीकडे मारबतींचे मोठे पुतळे निघतात आणि अख्खं नागपूर रस्त्यावर येऊन ओरडतं, पण आमच्या गल्लीत लोक आपले सभ्यपणे ढेकूण, डास आणि पडसं एवढंच घालवायचे. बाबा तर ते मनातल्या मनात म्हणायचे. वहिनीचं पहिलंच वर्ष होतं. कुहीला हा कार्यक्रम पूर्ण घशाने होत असे.

सकाळी मी दात घासत होते. मागच्या खोलीतून वहिनी मेढा घेऊन अंगणात आली, आणि तिचा आवाज तळ्यापलीकडे गेला असेल. "ढेकून-पिसवा घेऊन जा गे मारबत! खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" वकिलांचा कुत्रा उठून उभा राहिला. आई कौतुकाने ओसरीवर आली. तिच्याही हातात मेढा होता. वहिनीने आईकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "न इचारता घरात घुसनाऱ्या बाया घेऊन जा गे मारबत!"

माझ्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. आईला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिने पदर कमरेला खोचला, मेढा उंच धरला आणि बाबांनी जन्मात ऐकला नसेल अशा आवाजात ओरडली, "केलेलं नजरेआड करणाऱ्या भाडेकरणी घेऊन जा गे मारबत!" वहिनी फाटकाकडे चालू लागली. "दुसऱ्याच्या गंजात मीठ टाकनाऱ्या घेऊन जा गे मारबत!" (गंज म्हणजे आपलं पातेलं.) आई तिच्या मागे. "अळणी खाऊ घालून नवऱ्याला वाळवणाऱ्या घेऊन जा गे मारबत!" दोघी गल्लीत. मी मंजनाच्या फेसासकट मागे. "डबे इकडचे तिकडे करनाऱ्या!" "डब्यात किडे पाळणाऱ्या!" आपापले मेढे घेऊन निघालेली गल्ली थबकली आणि मग लोकांना हा प्रकार फारच आवडला. वकीलसाहेब म्हणाले, "फुकटचा पेपर वाचणारे शेजारी घेऊन जा गे मारबत!" त्यांच्या शेजाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "पहाटे रेडिओ लावणारे वकील घेऊन जा गे मारबत!" कोणी सासू घालवली, कोणी जावई घालवला. मुलांनी गणिताचे मास्तर घालवले. सगळी वरात तळ्याजवळच्या मैदानाकडे निघाली आणि पुढे माझी आई आणि वहिनी, एकमेकींकडे न बघता, मेढे झेंड्यासारखे धरून.

मैदानावर पोचलो तेव्हा मागून सायकलची घंटा ऐकू आली. बाबा होते. बनियन, धोतर, एका पायात चप्पल. आयुष्यात चारचौघांत आवाज न चढवलेला माणूस सायकलवरून उतरला, त्याने दोन्ही बायकांच्या मधोमध उभं राहून आपला एवढासा मेढा वर केला आणि इंग्रजी कविता म्हणून दाखवताना काढायचा त्या आवाजात म्हणाला, "मधलं दार घेऊन जा गे मारबत!"

अख्खं मैदान असं हसलं की तळ्यावरचे बगळे उडाले. फक्त दोघी जणी हसल्या नाहीत.

बाबा बोललेलं पाळणारे होते. त्याच दिवशी त्यांनी मधलं दार बिजागऱ्यांतून काढून अंगणातल्या कडुनिंबाला टेकवून ठेवलं, भिंत घालण्यासाठी विटा आणवल्या आणि गवंड्याला निरोप पाठवला. गवंडी पोळ्यासाठी गावाला गेला होता आणि महालक्ष्म्या झाल्याशिवाय येणार नव्हता. म्हणजे झालं असं, की आपल्या घराच्या सीमेचा निकाल लावायला निघालेल्या माझ्या शिस्तप्रिय वडिलांनी दोन घरांमध्ये एक भलंमोठं भोक करून ठेवलं. त्यावर त्यांनी आपली निळ्या पट्ट्यांची जुनी चादर टांगली. आणि आता गंमत बघा. जिला लोखंडाची कडी कधी अडवू शकली नाही, ती माझी आई त्या चादरीसमोर थांबली. रुसली होती. "मी पीडा आहे न, मग पीडेने कशाला जायचं?" वाट्या बंद झाल्या. चादरीच्या अलीकडे आई आणि पलीकडे वहिनी, मध्ये हातभर अंतर, आणि निरोप्या मी.

"तिकडे सांग, कोणाची तरी मोहरी जळून राहिली," आई मला सांगायची, वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने.

"सांग त्यांले," चादर म्हणायची, "जळू दे. माझी मोहरी हाय."

"सांग, मोहरी तुझी आहे, पण खोकला आम्हाला येऊन राहिला."

"सांग, मारबतीसोबत खोकला गेला. हा नवा असंन."

मी मध्ये उभी राहून चादरीचा काठ तोंडात कोंबायची. पण हळूहळू ते निरोपही थांबले. वहिनीचं दूध एकदा उतू गेलं आणि चुलीवर चरचरलं. आई आमच्या बाजूला उभी होती. तिचा हात पुढे झाला, चादरीला लागला आणि परत आला. पलीकडे वहिनी करपलेल्या पातेल्याशी उभी राहून, माझ्या मते, ती शिव्या घालणारी हाक यायची वाट पाहत होती. मनोहरदादा मानेवाड्याची खोली पुन्हा एकदा बघून आले. मला वाटलं, आता संपलं. भिंत येणार आणि भिंतीपलीकडे कोणीच नसणार.

महालक्ष्म्या आमच्याकडे मोठ्या असत. जेवणाच्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नसायची. सोळा भाज्या, पुरण, कढी, वडे, आणि या सगळ्यांहून महत्त्वाची ज्वारीची आंबील, जी सतत ढवळावी लागते आणि जिला एक चूल स्वतःची लागते. त्या सकाळी आमची दुसरी शेगडी ऐनवेळी तडकली. पुरण एकीकडे, तेल तापलेलं, आणि आंबिलीचा भलाथोरला गंज अर्धवट शिजलेला. आईने दोन फडक्यांनी गंज उचलला आणि वळली. चादर समोर होती. खांद्याने ढकलली असती तर बाजूला झाली असती. मी पुरण वाटता वाटता थांबले. आई थांबली. गंजातून वाफ येत होती, तिच्या कपाळावरून घामाचे थेंब कुंकवात उतरत होते, आणि ती म्हणाली, "येऊ का वं?"

पलीकडे बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"कोन हाय जी?" वहिनीचा आवाज आला.

"मी. काकू."

"कोन काकू?"

"अगं, किती काकू आहेत तुला या घरात! हात भाजून राहिले न माझे!"

"हात भाजून राहिले तं थेट याचं न. इचारता काहून?"

आई गंज धरून, पाय आपटत, पण उंबऱ्याच्या अलीकडेच. "तूच म्हणालीस न मारबतीला! आता विचारून राहिले तर वकिलासारखी उलटतपासणी करते! येऊ का नको ते सांग!"

"या न जी, या, या!" चादर एका झटक्यात बाजूला झाली. वहिनीने गंजाचा एक काठ धरला, दोघींनी मिळून तो तिच्या चुलीवर ठेवला आणि मग वहिनी भिंतीला टेकून जी हसत सुटली ती थांबेचना. "मले फक्त एकडाव ऐकाचं होतं, काकू. एकडाव. तुमी दुसऱ्यांदा इचारलं तवा तं मी रडलीच असती." आई हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, धूर फार आहे. आंबील शिजेपर्यंत ती त्या चुलीशी बसली होती आणि सबंध वेळ तिने आपला उजवा हात डाव्या हाताने मागे धरून ठेवला होता, कारण समोरच्या फळीवर हळदीचा डबा तिखटाच्या डब्यामागे होता आणि तिला ते बघवत नव्हतं. शेवटी वहिनीने स्वतःच तिच्यासमोर वरणाची वाटी धरली. "चाखा न जी." आईने चाखलं. तिच्या चेहऱ्यावर मीठ स्पष्ट दिसत होतं. "छान आहे," आई म्हणाली. मला वाटतं, तो तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा उपवास असावा. त्या दुपारी वहिनी आमची सवाष्ण म्हणून जेवली आणि उठताना म्हणाली, "काकाजी, भिंत नका बांधू."

"मग दार परत लावू?" बाबांनी विचारलं.

"दार नको!" मी आणि वहिनी एकदम म्हणालो.

"अर्धं लावा," वहिनी म्हणाली. "आमच्या कुहीले गोठ्याले असते तसं. वरतं उघडं, खालतं बंद. बोलता येते, देता-घेता येते, आत येता नाही येत."

आईची पोळी हातातच राहिली. "गोठ्याला? म्हणजे मी बैल?"

"नाही जी, काकू," वहिनी अगदी गंभीरपणे म्हणाली, "बैल तं आत रायते. बैल मी."

बाबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला आणि त्याला ऐकवलं की युरोपातही अशी दारं असतात. मोठा वाद झाला तो दार कुठे कापायचं यावर. आईला कमरेएवढं हवं होतं, म्हणजे चूल दिसेल. वहिनीला हनुवटीएवढं हवं होतं, म्हणजे दिसणार नाही. सुतार करवत धरून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होता. शेवटी वहिनीनेच आईला दाराशी उभं केलं, तिचा कोपर धरला आणि म्हणाली, "इथं कापा. वाटी पोचली पाहिजे, हात पोचला नाही पाहिजे." खालच्या अर्ध्याला नवी कडी लागली, वहिनीच्या बाजूने, आणि ही कडी उचलून ढकलून पडत नाही हे बाबांनी स्वतः कमरेने ढकलून तपासलं. घुंगुरमाळ वरच्या अर्ध्याला गेली. विटांचा तुळशीभोवती कट्टा झाला. मानेवाड्याच्या खोलीचं काय झालं ते मी विचारलंच नाही, कारण त्या संध्याकाळी मनोहरदादांनी अंगणात सायकल लावताना मान वर केलेली मी पाहिली.

ते अर्धं दार लागल्यापासून आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं पूर्ण दार असताना कधी झालं नव्हतं. दुपारी आई दारावर कोपर टेकून अलीकडे, वहिनी पाटावर बसून पलीकडे, आणि मी आमच्या बाजूला पुस्तक उघडून एक ओळ वाचायची आणि दहा ऐकायची. आई म्हणायची, "ते झाकण उघड न जरा, वासाने कळत नाही." वहिनी म्हणायची, "उघडते, पन मीठ मागू नका." खालची कडी कधी काढायची ते वहिनी ठरवायची. ती काढली की आई तरीही आधी विचारायची, वहिनी दरवेळी "कोन हाय जी?" म्हणायची, आणि आई दरवेळी चिडायची. मला हे सगळं रोज नव्याने हसू आणायचं. अभ्यास कसा झाला ते विचारू नका, पण पास झाले.

आणि मग पुढचा पोळा आला. संध्याकाळी आईने ताट केलं. ओवाळायला निरांजन, कुंकू, झेंडूची माळ, पुरणपोळी. आमच्याकडे बैल नव्हते. मातीच्या बैलांची पूजा देवघरात झालेली होती, म्हणून मला कळेना हे ताट कोणासाठी. आई मधल्या दाराशी गेली आणि घुंगुरमाळ खळखळवली. वहिनी पलीकडून आली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली.

"आत कोण असते म्हणाली होतीस वं?" आईने विचारलं.

वहिनीच्या लक्षात यायच्या आत आईने तिच्या कपाळाला हे एवढं मोठं कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि तोंडाने "होऽऽ रं राज्या" करत ओवाळू लागली. मनोहरदादा मागे पोटावर हात दाबून खाली बसले. वहिनीही काही कमी नव्हती. तिने मान दोन्ही बाजूंनी हलवली, फुरफुरली, आणि आईने पुढे केलेली पुरणपोळी हात न लावता सरळ तोंडाने ओढून घेतली. बाबा चष्मा पुसत होते आणि पुन्हा पुन्हा तोच पुसत होते.

"पोळा झाला, काकू," वहिनी पोळीने भरलेल्या तोंडाने म्हणाली. "बैल दारी ओवाळला तं बोजारा द्या लागते." बोजारा म्हणजे बैल आणणाऱ्याला द्यायची पोळ्याची भेट.

"माग," आई ऐटीत म्हणाली. "काय पाहिजे?"

वहिनी खाली वाकली. खालची कडी सरकल्याचा आवाज आला, आणि दाराचं खालचं अर्धं तिने आत ओढून पूर्ण उघडलं. वरचं उघडं होतंच. कितीतरी महिन्यांनी तिथे अख्खं भोक दिसलं, आणि पलीकडे तिची चूल, तिची फळी, तिच्याच मनाने लावलेले डबे. ती बाजूला झाली. माळ घातलेली, कपाळभर कुंकू, ओठाला पुरण.

"आज न इचारता या," ती म्हणाली. "हाच बोजारा."

सगळं घर आईकडे बघत होतं. हीच ती बाई जिने कडी पाडून, पोतं सरकवून, घुंगरं वाजवून जन्मभर न विचारता पावलं टाकली होती. तिने पाऊल उचललं. ते उंबऱ्यावर गेलं आणि तिथेच अधांतरी राहिलं. आईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग हातातल्या ताटाकडे. मग वहिनीकडे. तिने तोंड घट्ट मिटून धरलं होतं, गाल फुगले होते, आणि तरीही ते तिच्या तोंडून निसटलंच.

"येऊ का वं?"

वहिनीने दोन बोटं तोंडात घातली. मीही घातली. आमच्या दोघींच्या शिट्टीने वकिलांचा कुत्रा फाटक ओलांडून अंगणात आला.